आधी मराठीत छापा, मग इंग्रजीत

मराठवाड्यात मानवशास्त्राचे काम बहुतेक वेळा मानवशास्त्र या नावाने होत नाही. पोतराजावरचा प्रबंध मराठी विभागात लिहिला जातो, तांड्यावरच्या विवाहपद्धतीचा समाजशास्त्रात, खुलताबादच्या उरुसाचा इतिहासात आणि गोंधळाच्या सादरीकरणाचा नाट्यशास्त्रात. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासूनचे, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासूनचे. या दोन विद्यापीठांतून गावे, जाती, जत्रा, कुळदैवते आणि स्थलांतर यांवर झालेले क्षेत्रकार्य थोडेथोडके नाही आणि त्यातले बरेचसे आता शोधगंगेवर कोणालाही उघडून पाहता येते. अडते ते पुढे. प्रबंध मान्य होतो, पदवी मिळते आणि त्यातून निघणारे निबंध कुठल्यातरी चर्चासत्राच्या जाडजूड प्रोसीडिंगमध्ये, चार पानांत कोंबलेले, इंग्रजी शीर्षकाखाली जाऊन पडतात. तिथे इंग्रजी वाचक फिरकत नाही आणि मराठी वाचकाला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. ज्यांच्या वहीत खरे काम आहे आणि ते कोणत्या भाषेत, कुठे, कोणत्या क्रमाने छापावे याचा निर्णय ज्यांना करायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सल्ला थोडक्यात असा. एका प्रदेशातल्या क्षेत्रकार्यावरचा निबंध आधी मराठीत, ज्यांच्याविषयी तो आहे त्यांच्या हाती पडू शकेल अशा जागी छापावा. तिथे त्याची जी ठोकपीट होईल ती सोसावी. आणि मग तो इंग्रजीत नव्याने लिहावा. यात भाषाभिमानाचा प्रश्न नाही, अभिमानाने निबंधाचा दर्जा वाढत नाही. कारण पद्धतीचे आहे. प्रयोगशाळेतला प्रयोग दुसऱ्या शहरातला शास्त्रज्ञ पुन्हा करून पाहू शकतो. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत अमुक वर्षी काय घडले ते पुन्हा घडवून पाहता येत नाही. ते तपासायचे तर जे तिथे होते, ज्यांच्या घरात तो कुळाचार आहे, ज्यांनी ते नवस फेडले आहेत, त्यांनी वाचावे लागते. दिल्लीत किंवा शिकागोत बसलेला परीक्षक तुमचा युक्तिवाद तपासेल, संदर्भ तपासेल, अमक्याचे पुस्तक का वाचले नाही असे विचारेल. पण वाघ्या आणि मुरळी यांच्या कामाची वाटणी तुम्ही उलटी लिहिली असेल तर ते त्याच्या लक्षात येणार नाही. लोह्याच्या वाचकाच्या येईल. युक्तिवादाचे परीक्षक आणि तपशिलाचे परीक्षक हे वेगवेगळे लोक आहेत. प्रादेशिक मानवशास्त्राला दोघेही लागतात, आणि तपशील आधी पक्का झालेला बरा, कारण चुकीच्या तपशिलावर उभा केलेला युक्तिवाद कितीही देखणा असला तरी शेवटी पाडावाच लागतो.

या क्रमाने काय साधते याचे सर्वांत ठळक उदाहरण इरावती कर्वे यांचे. पंढरीच्या वारीवरचा त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख १९४९ च्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातला, म्हणजे ललित लेखांच्या पुस्तकातला. एकाच पालखीमागे चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांच्या पंगती मात्र वेगवेगळ्या बसतात, हे त्यांनी त्यात आडपडदा न ठेवता लिहिले. दिनकर धोंडो कर्वे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६२ मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले आणि १९८८ मध्ये एलिनॉर झेलियट व मॅक्सीन बर्नसन यांनी संपादित केलेल्या हिंदू धर्मानुभवावरच्या लेखसंग्रहात ते पुन्हा छापले गेले. वारीवर इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो लेख आजही ओलांडून जाता येत नाही. पण इंग्रजीत जाण्याआधी तो तेरा वर्षे मराठी वाचकांसमोर होता, आणि त्या वाचकांत वारी करणारे होते, दिंड्या चालवणारे होते, त्या वेगळ्या पंगतींत बसणारेही होते. लेख खोटा असता तर तो खोडून काढायला माणसांची वाण नव्हती. त्याच कर्व्यांनी भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा १९५३ चा ग्रंथ मात्र थेट इंग्रजीत लिहिला आणि ते योग्यच होते, कारण तो सबंध देशाच्या तुलनेचा विषय होता आणि त्याचे तपासनीस एका भाषेत सापडणारे नव्हते. म्हणजे माझ्या सल्ल्याची मर्यादाही तिथेच कळते. तुमच्या निबंधाचा पुरावा एका प्रदेशातला असेल तर मराठी आधी. पुरावाच अनेक प्रांतांतून गोळा केलेला असेल तर हा क्रम लावण्यात अर्थ नाही.

उलट्या क्रमाचे काय होते तेही पाहावे. गुंथर सोंथायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाला, त्याचे इंग्रजी १९८९ मध्ये आले. काम पहिल्या प्रतीचे आणि माणूस महाराष्ट्रात रमलेला. तरी ज्या धनगरांच्या ओव्यांवर ते उभे होते त्यांच्यापर्यंत ना ते जर्मन पोचत होते ना ते इंग्रजी. दुसऱ्या टोकाला रा. चिं. ढेरे. त्यांनी आयुष्यभर मराठीतच लिहिले. ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ १९८४ मध्ये निघाले, १९८७ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचे इंग्रजी भाषांतर आले ते २०११ मध्ये. सत्तावीस वर्षे. ढेऱ्यांच्या तोडीच्या माणसालाही भाषांतरकार मिळेपर्यंत वाट पाहावी लागते, तर तुम्हाआम्हाला कोण येऊन भाषांतरित करणार? म्हणून केवळ मराठीत थांबा असा हा सल्ला नाही. दुसरी पायरी आहे आणि ती स्वतःच चढायची आहे. एवढे मात्र या उदाहरणातून निश्चित कळते की मराठीत लिहिलेले बाहेरच्या जगाला मुळातच अदृश्य असते ही समजूत खरी नाही. महाराष्ट्रावर गंभीरपणे काम करणारे परदेशी अभ्यासक मराठी शिकून येतात. फेल्डहाउस यांच्या नद्यांवरच्या पुस्तकाला तर मराठी माहात्म्यांचा मोठा आधार आहे. आणि संभाजीनगरच्या वाचकाला दूरचे उदाहरण कशाला हवे? गंगाधर पानतावणे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून याच शहरातून चालवलेले ‘अस्मितादर्श’ काही मानवशास्त्राचे नियतकालिक नव्हते. पण दलित समाज स्वतःकडे कसा पाहतो याचा अभ्यास करणाऱ्याला, मग तो कोणत्याही देशातला असो, त्याचे अंक मिळवावेच लागतात.

आता आक्षेप. पहिला पोटापाण्याचा आहे आणि म्हणून सर्वांत खरा: मराठीत छापून गुण मिळत नाहीत, कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, वेळी फाइल अडते. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे अध्यापक पात्रतेचे नियम काढून पाहा. त्यांत भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे यांच्यासाठी पीअर-रिव्ह्यूड किंवा आयोगाच्या यादीतल्या नियतकालिकातल्या शोधनिबंधाला १० गुण आहेत. निबंध इंग्रजीतच हवा अशी अट त्या तक्त्यात नाही. इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकाला वाढीव गुण आहेत आणि तो फायदा मराठी नियतकालिकाला मिळणार नाही, हे मान्य. पण तो फायदा चर्चासत्राच्या प्रोसीडिंगलाही मिळत नाही, आणि इथले बहुसंख्य इंग्रजी निबंध जातात ते तिथेच. म्हणजे निवड प्रत्यक्षात मराठी नियतकालिक आणि जागतिक कीर्तीचे जर्नल यांत नसते. ती मराठी नियतकालिक आणि कोणीच न वाचणारे इंग्रजी यांत असते. संशोधक विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट बदलली आहे. पीएच.डी.चे नोव्हेंबर २०२२ चे नियम आल्यापासून प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही आयोगाची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा किंवा संशोधन केंद्राचा वेगळा नियम असू शकतो, तो लेखी विचारून घ्यावा. पण सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर लगेच कुठेतरी दोन पेपर टाकून ठेवायचे ही जुनी घाई आता सवयीपलीकडे फारशी कशाने समर्थनीय ठरत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. मराठी नियतकालिकांत कुठे आहे परीक्षण, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, फक्त तो इंग्रजीलाही तितक्याच कडकपणे विचारावा. आयोगाने २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची यादी जाहीर केली आणि मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावे काढून टाकली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत शिरलेल्या आणि त्यांनी तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्के कमी दर्जाची असावीत. यांतली भाषेने बहुतांशी इंग्रजीच होती. मग जून २०१९ पासून यूजीसी-केअरची यादी आली, तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता सुचवलेले निकष आहेत आणि निवडीची जबाबदारी महाविद्यालयावर व लेखकावर आहे. काहींना हा गोंधळ वाटतो. मला त्यात एक बरी बाजू दिसते: यादीत नाव आहे का एवढेच पाहून हात झटकण्याची सोय गेली.

तेव्हा नियतकालिक स्वतः तपासायला शिकावे. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, गुणवत्तेची मोहोर नव्हे. आयएसबीएनचेही तेच, तो मागणाऱ्याला मिळतो. मुखपृष्ठावर ‘इंटरनॅशनल’, ‘मल्टिडिसिप्लिनरी’ आणि ‘पीअर-रिव्ह्यूड’ हे तिन्ही शब्द एकत्र दिसले तर आणखी सावध व्हावे. मागचे चार अंक मिळवून वाचावेत, अगदी पहिल्या पानापासून. एकाच अंकात कीटकशास्त्र, जीएसटी आणि संत जनाबाई असतील तर तुमच्या निबंधाचा परीक्षक तिथे कोण असणार याचा अंदाज बांधता येतो. दोन दिवसांत स्वीकृतिपत्र आणि सोबत शुल्क भरण्याचा क्यूआर कोड आला तर परीक्षण झालेले नाही. नामांकित नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळेही चालतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून निबंध पाठवू नये. संस्थेच्या किंवा प्रकाशकाच्या मूळ पत्त्यावरूनच आत जावे. ही चाळणी मराठीला लावली तर यादी छोटी होते, पण रिकामी होत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे ‘नवभारत’ १९४७ पासूनचे, तिथे संकल्पनात्मक मांडणीला जागा आहे. सामाजिक शास्त्रांसाठी ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे. जुनी साधने, हस्तलिखिते, मौखिक संहिता यांवर काम असेल तर मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाची ‘मराठी संशोधन पत्रिका’. आणि संभाजीनगरच्या मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ लोकसाहित्याच्या बाजूने विषय मांडणाऱ्याला जवळचे. यांतल्या कोणाची परीक्षणाची रीत कशी आहे, निनावी परीक्षक असतात की संपादक स्वतः वाचतात, हे निबंध पाठवण्याआधी पत्राने विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. संपादकाने स्वतः वाचून तीन पाने सूचना पाठवणे हेही परीक्षणच आहे, पण महाविद्यालयाच्या समितीला कागद लागतो.

तिसरा आक्षेप नैतिक दिसतो: एकच काम मराठीतही आणि इंग्रजीतही, ही दुबार छपाई नव्हे काय? लपवले तर आहे. सांगितले तर नाही. दुसऱ्या भाषेतली आवृत्ती मूळ प्रकाशनाचा स्पष्ट उल्लेख करून आणि दोन्ही संपादकांच्या संमतीने छापण्याची रीत जगभर मान्य आहे. कर्व्यांचा लेखही भाषांतर म्हणूनच छापला गेला होता. पहिल्या पानाच्या तळटिपेत मराठी निबंधाचे नाव, नियतकालिक, वर्ष आणि त्यात काय बदलले हे दोन ओळींत लिहावे. फक्त भाषांतर असेल तर दोनदा पूर्ण गुण मागू नयेत. नियमांत भाषांतरासाठी वेगळे, कमी गुण आहेतच. साम्य तपासणीचीही लोक नको तितकी भीती बाळगतात. आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे आणि ४० व ६० टक्क्यांवर शिक्षेच्या पायऱ्या वाढतात. पण तुमचा स्वतःचा प्रबंध शोधगंगेवर असेल तर सॉफ्टवेअर त्याच्याशीच साम्य दाखवणार. आकडा खाली यावा म्हणून चांगली वाक्ये मोडून वाकडी करण्याऐवजी संपादकाला आधीच कळवावे की निबंध प्रबंधाच्या अमुक प्रकरणावर आधारित आहे. वाक्ये वाकडी करण्याची सेवा विकत मिळते असे ऐकिवात आहे. तिच्यावर खर्च केलेले पैसे लेखकाची भाषा बिघडवण्यासाठी दिलेले असतात.

आता खुद्द निबंधाविषयी. प्रबंधाचे एक प्रकरण कापून काढले म्हणजे निबंध होत नाही. ‘बीड जिल्ह्यातील उसतोड कामगारांचे सामाजिक व सांस्कृतिक जीवन’ हे प्रबंधाचे शीर्षक म्हणून चालून जाते. निबंध म्हणून ते काहीच सांगत नाही, कारण त्यात प्रश्न नाही. उसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम त्या जोडीला हंगामाआधी उचल देतो, हे आता वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. पण उचल कोणाच्या नावावर लिहिली जाते, बायकोने निम्मे काम केल्यावर हिशेबाच्या वहीत ती दिसते का, हंगाम अर्धवट टाकून आलेल्या जोडीची बाकी पुढच्या वर्षी कोणाच्या डोक्यावर जाते, या प्रश्नांपैकी एक घ्या आणि त्याचे उत्तर तुमच्या नोंदींतून सोडवा. एक निबंध, एक प्रश्न. सुरुवातीची ‘संस्कृती म्हणजे काय’ ही तीन पाने काढून टाकावीत, त्या व्याख्या संपादकाला पाठ असतात. त्याऐवजी काम कोणत्या गावांत, कोणत्या महिन्यांत केले, किती कुटुंबांशी बोललात, कोणत्या भाषेत बोललात, मुकादमाच्या ओळखीने गेलात की संघटनेच्या, हे लिहावे. मुकादमाच्या ओळखीने गेलेल्याला उचलीविषयी जे ऐकायला मिळते ते संघटनेबरोबर गेलेल्याला मिळत नाही, आणि उलटही. तुम्हाला कोणी आत घेतले हे कळल्याशिवाय तुमच्या पुराव्याचे वजन वाचकाला करता येत नाही.

जुन्या ग्रंथांचा वापर हा इथल्या निबंधांचा सर्वांत कमकुवत भाग आहे. सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या राज्यातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९२० चा आहे. त्यातले जातीचे वर्णन उचलून वर्तमानकाळी क्रियापदांत लिहिले की शंभर वर्षांपूर्वीचा वैदू आजच्या वैदूच्या जागी येऊन बसतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. तो अमोल आहे, पण फिरस्त्यांकडे तो गावात स्थिर बसलेल्या माणसाच्या नजरेने पाहतो आणि त्या नजरेला ते उपद्रवी दिसतात. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यातच बसून ‘गावगाड्याबाहेर’ लिहिले, ते शीर्षकच त्या नजरेला उत्तर आहे. जुन्या ग्रंथाला पुरावा म्हणून नव्हे तर त्या काळाच्या सरकारी किंवा जातीय नजरेचा नमुना म्हणून उद्धृत करावे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याची विशेषणे प्रबंधांच्या प्रास्ताविकांत अजून सापडतात. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आल्यानंतर, आपण ज्यांच्याविषयी लिहितो ते आपले लिहिणे वाचत नाहीत असे समजण्याची मुभा कोणालाच नाही.

मराठीत आधी छापण्याची खरी किंमत इथेच मोजावी लागते. इंग्रजी निबंधात गावाला टोपणनाव दिले की लेखकाला सुरक्षित वाटते. मराठीत ते आवरण तालुक्याच्या पहिल्या वाचकासमोर गळून पडते. ‘एका बाजारपेठेच्या गावातील एका माजी सरपंचाने’ म्हटले की चहाच्या टपरीवर नाव निघते. हा मराठीच्या विरोधातला मला सर्वांत वजनदार आक्षेप वाटतो. त्याचे उत्तर असे की इंग्रजीतले संरक्षण भासमान आहे. निबंध पीडीएफ होऊन फोनवर येतो आणि इंग्रजी जाणणारी पिढी आता पुष्कळ घरांत आहे. धोका मराठीमुळे निर्माण होत नाही, मराठीमुळे तो वेळेत दिसतो. म्हणून नाव द्यायचे की लपवायचे हा निर्णय सरसकट नसावा. जी व्यक्ती कला सादर करते, गाते, रचते तिचे नाव लपवणे हा तिच्या श्रेयावरचा दरोडा आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्याही आहेत आणि तिथे गाणारणीचे नाव व गाव ओवीबरोबर येते, हा धडा घ्यावा. उचलीची रक्कम, आंतरजातीय विवाहाची हकीकत, जमिनीचा वाद सांगणाऱ्याचे मात्र नावच नव्हे तर ओळख पटेल असा प्रत्येक तपशील काढावा, आणि तो काढल्यावर निबंध उभा राहत नसेल तर तो भाग छापू नये. बहुतेक महाविद्यालयांत नैतिक परीक्षणाची समिती हजेरीपुरतीच असते. छापण्याआधी संबंधितांना मजकूर वाचून दाखवणे हे काम तुम्हालाच करावे लागेल. फोटोची परवानगी वेगळी घ्यावी. मुलाखतीला होकार म्हणजे छायाचित्राला होकार नव्हे.

मराठी आधी, असे म्हणताना मराठवाड्यात आणखी एक अडचण येते आणि ती नजरेआड करून चालणार नाही. इथे सगळ्यांची भाषा मराठी नाही. संभाजीनगरच्या हिमरू विणणाऱ्या घरांत, खुलताबादच्या दर्ग्यांच्या परिसरात उर्दू आणि दख्खनी बोलली जाते. तांड्यावर गोरमाटी बोलली जाते, जी मराठी शाळेत शिकलेल्यालाच देवनागरीत लिहिता येते. त्यांच्यापुढे मराठी निबंध ठेवणे म्हणजे एका प्रमाणभाषेऐवजी दुसरी ठेवणे. अशा ठिकाणी मराठीत छापण्याबरोबर दोन पानांचा उर्दू सारांश करून त्या वस्तीत द्यावा. शहरात उर्दू वर्तमानपत्रे आहेत, उर्दू शिकवणारे प्राध्यापक आहेत, हे अवघड नाही. गोरमाटीत छापील सारांशापेक्षा तांड्यावर बसून मोठ्याने सांगितलेले अधिक उपयोगी पडते आणि त्या बैठकीतले आक्षेप निबंधात नोंदवले तर त्याचे वजन वाढते.

मराठी निबंध छापून वर्ष-सहा महिने झाले, चार पत्रे आली, दोन चुका निघाल्या, की इंग्रजी हाती घ्यावे. तेव्हा मराठी मजकूर समोर ठेवून ओळीला ओळ भाषांतर करत बसू नये. वाचक बदलला की माहिती द्यायची जागा बदलते. मराठी वाचकाला खंडोबा कोण हे सांगावे लागत नाही, पण त्याला तुमचा निष्कर्ष इतर प्रदेशांशी कसा जुळतो हे ठाऊक नसते. इंग्रजी वाचकाचे बरोबर उलटे. तिथे स्थानिक शब्द जसाच्या तसा ठेवावा, एकदा नीट समजावून द्यावा आणि नंतर निर्धास्त वापरावा. जागा निवडताना आपला निबंध कोणाशी वाद घालतो ते पाहावे. इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीचे ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ १९५२ पासूनचे, लखनौचे ‘ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट’ १९४७ पासूनचे, जातीच्या किंवा नात्याच्या सिद्धांताला हात घालणारा निबंध असेल तर लुई द्यूमाँ आणि डेव्हिड पोकॉक यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी’कडे जावे, धोरणाशी भिडणारा असेल तर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’कडे. मौखिक परंपरा आणि विधी यांवरच्या कामासाठी जपानमधल्या नागोया इथल्या नानझान विद्यापीठाचे ‘एशियन एथ्नॉलॉजी’ आहे, ते कोणालाही विनामूल्य वाचता येते. शुल्क भरल्याशिवाय चांगल्या ठिकाणी छापून येत नाही ही समजूत सोडून द्यावी. या विषयात तर ती विशेषच चुकीची आहे: ‘कल्चरल अँथ्रोपॉलॉजी’ २०१४ पासून सर्वांना खुले झाले, २०२० पासून बर्गान या प्रकाशनसंस्थेने आपली मानवशास्त्राची नियतकालिके ग्रंथालयांच्या वर्गणीवर मुक्त केली. वाचण्याच्या बाजूनेही परिस्थिती सुधारली आहे. केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण संस्थांना उपलब्ध होत आहेत. आपले महाविद्यालय त्यात बसते का हे ग्रंथपालांना विचारावे, आणि नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून संदर्भ वाचावेत.

परीक्षकांचे अहवाल येतील तेव्हा एक सूचना जवळजवळ हमखास असेल: सिद्धांताची चौकट कमी पडते. ती नेहमी चुकीची नसते. पण तिच्यापुढे मान तुकवताना मराठवाड्याच्या तपशिलाला परक्या चौकटीत बसवण्यासाठी कातरू नये; तपशील चौकटीत बसत नाही हाच तुमचा मुद्दा असू शकतो आणि तो तसा लिहून संपादकाला कळवता येतो. ज्या सूचना मान्य नाहीत त्यांना कारणासह नकार देणे हा लेखकाचा हक्क आहे. नकारपत्र आलेच तर अहवालातले कामाचे तेवढे घेऊन पंधरा दिवसांत दुसरीकडे पाठवावे.

राहता राहिला हक्काचा कागद. इंग्रजी प्रकाशक करार पाठवतो, तो वाचल्याशिवाय सही करू नये; स्वीकृत मसुदा संस्थेच्या संग्रहात ठेवण्याची आणि मराठीत पुस्तकरूपाने वापरण्याची मुभा त्यात आहे का ते पाहावे, नसेल तर मागावी, पुष्कळदा ती मिळते. मराठी नियतकालिके बहुधा करारच करत नाहीत, आणि अडचण तिथूनच सुरू होते. म्हणून मराठी निबंध पाठवतानाच संपादकांना लिहावे की याची इंग्रजी आवृत्ती मी पुढे, मूळ प्रकाशनाचा उल्लेख करून, अन्यत्र प्रसिद्ध करणार आहे, त्यास आपली संमती असावी. होकाराची मेल जपून ठेवावी. दोन वर्षांनी इंग्रजी संपादक पहिल्यांदा तीच मागेल.